बारावीनंतर मुलीला चित्रकला शिकायची आहे. कोल्हापुरातच ठेवावी की बडोद्याला पाठवावी?

बारावी झालीच असेल आणि घर सोडायची तिची तयारी असेल, तर बडोद्याची प्रवेश परीक्षा जरूर द्यायला लावा. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चं, आणि त्याची फाइन आर्ट्सची फॅकल्टी १९५० ची. पण मुळं जुनी आहेत. सयाजीरावांनी १८९० मध्येच तिथे कलाभवन ही कला आणि तंत्रशिक्षणाची शाळा काढली होती. पुढे चित्रकार ना. श्री. बेंद्रे, शिल्पकार शंखो चौधुरी, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी या फॅकल्टीत शिकवलं. चित्र, शिल्प, मुद्राचित्रण (ठशावरून चित्र छापण्याची कला) आणि कलेचा इतिहास एकाच आवारात असल्यामुळे चित्रकाराला नुसता हात नाही, विचारही मिळतो. माझ्या मते बडोद्याचं खरं बळ हेच. पदवी चार वर्षांची.

पण म्हणून कोल्हापूरला कमी लेखू नका. दळवीज आणि कलानिकेतन या इथल्या कलाशाळांमधून रेखाटन, व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्राचा पाया पक्का होतो, खर्चही झेपतो. इथले चित्रकार-चित्रपटकार बाबूराव पेंटर तर कुठल्याही कलाशाळेत न जाता घडले. आबालाल रहमान मुंबईत जे. जे. मध्ये शिकले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि कोल्हापुरातल्या कोटितीर्थ तलावाकाठी बसून रंगवत राहिले. टाउन हॉल म्युझियममध्ये त्यांची चित्रं आहेत, ती मुलीला आधी दाखवा.

बडोद्याच्या प्रवेश परीक्षेसाठी शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या ग्रेडवर विसंबू नका. रोजची स्केचबुक हवी: भाजी मंडई, गंगावेशीतली माणसं, रंकाळ्यावरची म्हसरं, जे दिसेल ते समोर बसून काढलेलं. फोटोवरून केलेली कॉपी नको.