सावरडो स्टार्टरवर (पाव फुगवायला वापरायचं आंबवलेलं पीठ-पाणी) काळपट पाणी आलंय, फेकून देऊ का? आणि फ्रिजमध्ये डिस्कार्ड (नवं पीठ-पाणी घालण्याआधी काढून ठेवलेला जुना स्टार्टर) किती दिवस ठेवता येतं?

फेकू नका. स्टार्टर उपाशी राहिला की वर असं पाणी सुटतं, त्यात थोडं अल्कोहोल असतं. ओतून टाका किंवा ढवळून घ्या, ढवळलंत तर पाव जरा जास्त आंबट होईल. मग पीठ-पाणी घाला. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तरी तेच करायचं. तुमच्या सासूबाई वासावरून "नासलं" म्हणत असतील तर त्यांना सांगा, नुसत्या आंबट वासाने काही होत नाही. घाबरायचं ते रंगाला.

आणि रंगावरूनच आमच्या घरात वाद आहे, म्हणून लिहायला बसले.

मी बडोद्याची, एम. एस. युनिव्हर्सिटीच्या होम सायन्समधून फूड्स अँड न्यूट्रिशन केलेली. फॅकल्टीचं नाव आता फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस झालंय, पण माझ्या दिरांच्या लेखी ते अजून पोळ्या लाटायचं कॉलेज. ते स्वतः इंजिनिअर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांना सावरडोचा नाद लागला. आमचं घर दांडिया बाजारात, फ्रिज सगळ्यांचा एक, पण त्या बरणीला कोणी हात लावायचा नाही. पीठ कालवलं की चमचा बरणीच्या काठाला पुसायची त्यांना सवय. त्यामुळे काचेला आतून पिठाचे ओघळ वाळून बसलेले. एकदा दूध काढताना बरणी सरकवली, तर त्या ओघळांत, किती फुगला ते कळायला बांधलेल्या रबरबँडच्या जरा वर, फिकट गुलाबी पट्टा दिसला. खाली स्टार्टर पांढरा, बुडबुडे भरपूर, वाससुद्धा छान. भाऊजी म्हणाले, "वहिनी, वरचं खरवडून टाका, खालचं चांगलंय. लोणच्याला बुरशी आली की आई तेच करायची." मी अख्खी बरणी पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कार्यात, पाहुण्यांच्या देखत, "वहिनींनी माझा स्टार्टर मारला" हे ऐकतेय.

तर ज्याला कोणाला खरवडायचा मोह होतो त्याने वाचावं. गुलाबी किंवा नारिंगी छटा म्हणजे नको ते जंतू शिरलेत. केसाळ बुरशी असेल तर तिचे तंतू ओल्या, मऊ पदार्थात खोल जातात, वरून दिसत नाहीत. काही बुरश्या विष तयार करतात आणि ते ओव्हनच्या उष्णतेने जाईलच असं नाही. कडक चीज असेल तर बुरशीच्या भोवतीचा इंचभर भाग कापून उरलेलं खाता येतं. स्टार्टरला तो नियम लागत नाही. लोणच्यात निदान मीठ आणि तेल तरी असतं, आणि तिथेही मी खरवडणार नाही. वाटीभर पिठासाठी घरातल्या पोरांची पोटं पणाला लावायची नसतात.

आता फ्रिजचं. पक्का झालेला स्टार्टर ५० ग्रॅम, पीठ ५०, पाणी ५०. तासभर बाहेर राहू द्या, फुगायला लागला की आत. मे महिन्यात इथे ४२ अंश असतात, तेव्हा तासभरसुद्धा नको. बरणी दारात नाही, आतल्या कप्प्यात, साधारण ४ अंशांवर. झाकण सैल ठेवा, गॅस कोंडला तर काच तडकते. आठवड्यातून एकदा पीठ-पाणी. दोन-तीन आठवडे राहून गेलं तरी मरत नाही, बाहेर काढून दोन-तीनदा खायला दिलं की उठतो. दर वेळी काठ पुसा आणि मधूनमधून बरणी बदला, कारण बुरशी पहिल्यांदा त्या वाळलेल्या ओघळांवर धरते.

डिस्कार्ड वेगळ्या बरणीत, आठवडाभर, फार तर दोन. जास्त साठलं तर फ्रीझरमध्ये टाका. मी ते हांडव्यात (तांदूळ-डाळीच्या आंबवलेल्या पिठाचा गुजराती पदार्थ) आंबट दह्याच्या जागी थोडं घालते, भरपूर दुधी आणि वर तिळाची फोडणी. थालीपिठाच्या भाजणीतही छान जातं. पण शिजवूनच. कच्च्या पिठात साल्मोनेला, ई. कोलाय असू शकतात, तेव्हा बोटाने चाटून "जमलाय का" बघायचं नाही. भाऊजी बघायचे.

दोन गोष्टी राहिल्या. स्टार्टर नवा असेल तर पहिल्या आठवडाभराचं डिस्कार्ड साठवू नका, सरळ टाका. पक्क्या स्टार्टरचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४ च्या आसपास किंवा खाली असतो, त्या आंबटपणामुळे बाकीचे जंतू वाढत नाहीत. नव्यात तो अजून आलेला नसतो. आणि कोणाला गव्हाचं पथ्य असेल तर हांडव्यात डिस्कार्ड आहे हे आधी सांगा, तांदूळ-डाळीचा म्हणून माणूस विश्वासाने खातो.

शिवाय थोडा स्टार्टर बटरपेपरवर पातळ पसरून पंख्याखाली वाळवा, चुरा करून डब्यात भरून ठेवा. कोमट पाण्यात भिजवून पीठ घातलं की काही दिवसांत पुन्हा उभा राहतो. भाऊजींची बरणी टाकली त्याच आठवड्यात मी त्यांना माझ्या डब्यातला चुरा दिला होता. आज ते जो पाव करतात तो त्यातूनच आलाय, हे मात्र ते कुठल्याच कार्यात सांगत नाहीत.