सायसर की किकेर?

प्रश्न दोन आहेत. हरभऱ्याचं शास्त्रीय नाव ‘सायसर’ म्हणायचं की ‘किकेर’? आणि पिंपळ ‘फायकस’ असूनही ‘रिलिजिओसा’ का, ‘रिलिजिओसस’ का नाही?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो मराठी माणसाला चटकन उलगडतो. नावातला दुसरा शब्द बहुधा विशेषण असतो, आणि लॅटिन विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. आपलं पांढरा-पांढरी-पांढरं, तसं त्यांचं अल्बस-अल्बा-अल्बम. ‘पेरून वाढवलेलं’ या अर्थाचं विशेषण बघा: केशर क्रोकस सटायव्हस, भात ओरायझा सटायव्हा, लसूण अ‍ॅलियम सटायव्हम. ‘फायकस’चा शेवट पुल्लिंगी वाटतो खरा, पण लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुतेक स्त्रीलिंगीच. म्हणून रिलिजिओसा. नुसत्या शेवटावरून लिंग ठरत नाही हे आपल्यालाही ठाऊक आहे. घोडा तो आणि शाळा ती.

आता हरभरा: सायसर अ‍ॅरिएटिनम. अ‍ॅरिएटिनम म्हणजे मेंढ्यासारखं. कोरडा दाणा चोचीच्या बाजूने निरखून पाहा. पुढे टोकदार नाक, मागे वळलेल्या शिंगांसारखे दोन फुगवटे, मेंढ्याचं डोकंच! नाव देणाऱ्याच्या नजरेला दाद द्यावीशी वाटते.

‘सायसर’ हा इंग्रजी वळणाचा उच्चार. प्राचीन रोमन माणूस ‘किकेर’ म्हणायचा. याचा पुरावा सुंदर आहे. प्रसिद्ध वक्ता सिसरो याचं कुलनाम याच हरभऱ्यावरून आलेलं, आणि ग्रीक लेखक ते ‘किकेरोन’ असं, ‘क’ वापरून लिहीत. पुढे ए-इ या स्वरांआधीचा हा ‘क’ मऊ झाला. चर्चच्या लॅटिनमध्ये त्याचा ‘च’ झाला, म्हणून ‘चिचेर’ही ऐकू येतं.

वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय नियमावली स्पेलिंगच्या बाबतीत काटेकोर आहे, उच्चार मात्र ती ठरवून देत नाही. त्यामुळे तिन्ही चालतील. फक्त एका नावात दोन पद्धतींची सरमिसळ नको.

माणसांवरून आलेल्या नावांपुरतं माझं मत वेगळं आहे. ‘फ्यूशा’ हे फुलझाड सोळाव्या शतकातले जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनहार्ट फुक्स यांच्या नावाचं. तिथे मी ‘फुक्सिया’च म्हणतो, म्हणजे त्या नावात फुक्स ऐकू येतात.