लहान, फारसं नाव नसलेल्या कॉलेजमध्ये असं वेगळं काय मिळतं? प्रवेश घ्यावा का?

"ज्या कॉलेजचं नाव सांगितल्यावर समोरचा 'कुठलं?' म्हणतो, तिथे जाऊन काय मिळणार?" असं तुम्ही विचारलंय. आमचा दादा वीस वर्षं हेच विचारतोय. एरवी असल्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही, पण हा वर्मी लागला.

दादाचं कॉलेज मोठं, नावाजलेलं. माझ्या भौतिकशास्त्राच्या वर्गात आम्ही अकरा जण आणि स्पेक्ट्रोमीटर एकच; प्रकाशाचे रंग कुठल्या कोनात वळतात ते समोरासमोरच्या दोन पट्ट्यांवर (व्हर्नियरवर) मोजायचं यंत्र. दुसऱ्या वर्षी ग्रेटिंगच्या (बारीक रेघांच्या, प्रकाश फाकवणाऱ्या काचेच्या) प्रयोगाच्या दिवशी मी दांडी मारली आणि घरी पडलेल्या दादाच्या जुन्या जर्नलमधून रीडिंग्ज जशीच्या तशी उतरवली. मॅडमनी पान जेमतेम दहा सेकंद पाहिलं असेल. म्हणाल्या, "हे आपल्या यंत्रावरचं नाही." मी साळसूदपणे "का बरं?" म्हणालो. "तुझ्या दोन्ही व्हर्नियरमध्ये प्रत्येक ओळीत बरोब्बर 180 अंशांचं अंतर आहे. आपल्या यंत्रात चार-पाच मिनिटांचा, म्हणजे अंशाच्या चार-पाच साठांशांचा, फरक पडतोच. ते यंत्र असंच आहे."

ओरडल्या नाहीत. त्या संध्याकाळी प्रयोगशाळा उघडी ठेवून समोर बसल्या, तपासायचे पेपर घेऊन. सोडियमचा दिवा लावला की आधी गुलाबी-तांबूस दिसतो, पिवळा व्हायला बराच वेळ घेतो. तेवढा वेळ मान खाली घालून बसणं हीच शिक्षा होती. मग टेलिस्कोप फिरवत दुसऱ्या ऑर्डरपर्यंत, म्हणजे तेच रंग आणखी फाकून पुन्हा दिसतात तिथपर्यंत, गेलो आणि जी एक पिवळी रेघ समजत होतो तिच्या दोन झाल्या, मध्ये केसाएवढा काळोख. तरंगलांबी 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर. हे आकडे मला पाठ होते. डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिले.

लहान कॉलेजचं वेगळेपण विचाराल तर एवढंच आहे: लपायला जागा नसते. कोणी दांडी मारली, कोणाचा हात थरथरतो, कुठल्या यंत्राला काय खोड आहे, सगळं कोणाला तरी माहीत असतं. पुढे शिफारसपत्र लागलं तेव्हा मॅडमनी ही दुसऱ्या ऑर्डरची संध्याकाळही लिहिली. (दांडीबद्दल लिहिलं नाही, हे त्यांचे उपकार.) तीनशेच्या वर्गातल्या प्राध्यापकाने माझ्याबद्दल काय लिहिलं असतं? 'नियमित व होतकरू.'

दादा म्हणतो, लहान कॉलेजांकडे साधनं नसतात. अमेरिकेत ओरेगनमधल्या रीड कॉलेजात दीड हजाराच्या आसपास विद्यार्थी आहेत. तिथे 1968 पासून संशोधनाची अणुभट्टी आहे आणि रीतसर परवाना काढून ती चालवतात पदवीचे विद्यार्थी. ते कॉलेज श्रीमंत आहे, मान्य. पण मुद्दा साधन किती मोठं आहे हा नाहीच, ते हातात कोणाच्या येतं हा आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. माहितीपत्रकातल्या वर्गाच्या सरासरीवर जाऊ नका. समजा, एका कॉलेजात दोनच वर्ग आहेत, एक 10 जणांचा, एक 90 जणांचा. कॉलेज छापणार, सरासरी 50. खोटं नाही. पण शंभरांपैकी नव्वद जण त्या मोठ्या वर्गात बसलेत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बाजूने मोजलं तर सरासरी 82 येते. शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचंही तसंच, त्यात न शिकवणारेही मोजलेले असू शकतात. त्यापेक्षा प्रॅक्टिकल चालू असताना आत जा आणि एका टेबलाशी किती जण आहेत ते मोजा. पहिल्या वर्षाला कोण शिकवतं ते विचारा. दादाच्या कॉलेजात एका यंत्रावर सहा जण असायचे.

लहान म्हणजे चांगलंच, असं मात्र नाही. माझ्या आवडीचा विषय शिकवणारे एकुलते एक सर तिसऱ्या वर्षी मध्येच सोडून गेले, तो विषय तिथेच संपला. पर्यायी विषय मोजून दोन. अकरा जणांत एकाशी बिनसलं की वर्षभर त्याचंच तोंड बघावं लागतं. आणि नुसतंच लहान, पण शिक्षक तासाला फिरकत नाहीत, अशी कॉलेजंही असतात. तिथे जाऊ नका. विषय अजून पक्का ठरला नसेल तर मोठं कॉलेजच बरं, हे दादाचं एक म्हणणं मला पटतं.

तर, त्या 180 अंशांचं. मी नंतर दादाला विचारलं. तो खो खो हसला. सहांपैकी एक जण बघायचा, बाकीचे लिहायचे. दादाने त्या टेलिस्कोपला कधी डोळाच लावला नव्हता, आणि दुसऱ्या व्हर्नियरचा अख्खा रकाना खोलीवर बसून भरला होता. त्या जर्नलला त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.