गाडी चढावर दमते

प्रश्न : माझी १.२ लिटरची पेट्रोल गाडी १५००–२००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढावर अगदी मरगळते. थ्रॉटल बॉडीखाली (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेखाली) बसणारा स्पेसर, म्हणजे जाड चकती, किंवा शंकूसारखा उघडा एअर फिल्टर लावला तर खालच्या आरपीएमचा टॉर्क (ओढण्याची ताकद) वाढेल का?

उत्तर : मीही एकदा हौसेने उघडा फिल्टर बसवला होता. आवाज झकास झाला, चढावर गाडी मात्र तितकीच रडली! हिशेब बघा : १५०० आरपीएमला तुमचं इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त ९०० लिटर हवा ओढतं, ६००० ला ३६००. खालच्या आरपीएमला एवढ्या कमी हवेला स्वच्छ मूळ फिल्टर आड येतच नाही, मग तो बदलून काय साधणार? उलट उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो आणि दर १० अंशांमागे हवा सुमारे तीन टक्के विरळ होते. खालच्या टॉर्कला मदत होते ती लांब, अरुंद इनटेक नळ्यांची (इंजिनात हवा नेणाऱ्या). इंचभर स्पेसरने ती लांबी मिळत नाही. शिवाय स्पेसरचं गॅस्केट (सांधा बंद करणारी पट्टी) नीट बसलं नाही तर हवा चोरून आत शिरते आणि आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू राहणं, बिघडतं.

आधी फिल्टर काढून उजेडासमोर धरा आणि तुंबलाय का बघा, स्पार्क प्लग आणि क्लच तपासा. आणि हो, चढ लागण्याआधीच गिअर खाली घ्या.