फाइलचे चार हजार देऊन टाका, ताई

तुम्ही लिहिलंय की नाचणीच्या लाडवांचं पाकीट आता छापील करायचंय, लोगो दोन वर्षांपूर्वी ज्याच्याकडून करून घेतला तो मूळ फाइलचे (जिच्यावरून लोगो हव्या त्या मापात स्वच्छ छापता येतो) ४,००० वेगळे मागतोय आणि तुमच्याकडे फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो आहे. "ही लूट नाही का?" असं विचारलंय. वाचून पोटात गोळाच आला, कारण सहा वर्षांपूर्वी मी अगदी याच जागी उभी होते. मी मात्र तेव्हा "लूट आहे" असं ठरवून मोकळी झाले होते.

आमचा कांदा-लसूण मसाला. सांगलीतच घरून सुरू केला. माझ्या डिझायनरने फाइलचे ३,००० मागितले. लोगोचे पैसे दिलेत, मग फाइल आपलीच, हा माझा हिशोब. त्याचं म्हणणं, फाइल द्यायचं ठरलं नव्हतं. आज मागे वळून बघते तर खरंच ठरलं नव्हतं. कामाचा एक कागद नाही, सगळं फोनवर. वर मी अकरा वेळा बदल करायला लावलेले, तेही "जरा उठावदार करा" असल्या सूचना देऊन. एकदा सासूबाईंना हिरवा आवडला म्हणून हिरवा, मग दिरांना आवडला नाही म्हणून परत लाल. त्याने ते निमूटपणे केलं होतं, हे रागाच्या भरात मी विसरले.

पाकीटवाला म्हणाला, फोटो द्या, आमचा मुलगा त्यावरून काढेल, फुकट. मी खूश. पाकिटाची मागची बाजूही जुन्या स्टिकरच्या फोटोवरूनच. त्या मुलाने सगळा मजकूर नव्याने टाइप केला, आणि फोटो इतका धुरकट की एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्न परवान्याच्या, चौदा आकडी नंबरातला ३ त्याला ८ दिसला. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मोबाइलवर आलं तेव्हा मी एका लग्नात पंगतीत बसलेले. लोगो बघितला, "छान" लिहून पाठवलं. नंबर कोण वाचतंय!

अशा छपाईत प्रत्येक रंगाला वेगळं सिलेंडर, म्हणजे कोरलेला रूळ, लागतं; आमचे पाच रंग म्हणजे पाच सिलेंडर, आणि पाकिटांचा छापील माल कमीत कमी १५० किलो घ्यावाच लागतो. चूक कळली ती पुण्याच्या एका दुकानदारामुळे. त्याने आमचा मसाला ठेवण्याआधी नंबर तपासला तर तो आमच्या नावावर दिसेना. नंबर काळ्या रंगात होता, म्हणून एकच सिलेंडर नवं करावं लागलं, ५,००० चं. पण छापलेला माल सगळा वाया, २५० रुपये किलोने ३७,५००. तीन हजार वाचवायला साडेबेचाळीस हजार घातले.

चुकलेल्या नंबरावर स्टिकर चिकटवून चालेल का, हे विचारायला एका सरकारी कार्यालयात तीन चकरा मारल्या. पहिल्या दिवशी "लेखी अर्ज आणा", दुसऱ्या दिवशी "हा अर्ज इथे घेत नाहीत", तिसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला. ना हो, ना नाही. एक शब्द कोणी बोललं असतं तर मी गेलेही नसते परत. जाऊ दे, तो विषय काढला की माझं बीपी वाढतं. शेवटी पाकिटं माळ्यावर टाकली. घरातली जिरं-मोहरी अजून त्यातच असते.

तर चार हजार देऊन टाका. पण देताना दोन फाइली घ्या, एक बदल करता येईल अशी आणि एक अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकलेली. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं की अक्षरांची रांगोळी होते, म्हणून दुसरी लागतेच. त्याच वेळी लोगोचे हक्क तुम्हाला दिल्याचं लिहून त्याची सही घ्या, आणि किती काळासाठी तेही लिहा. मी वकील नाही, पण आमच्या सल्लागाराने सांगितलं की कॉपीराइट कायद्यात हक्क देणं लेखीच लागतं आणि मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांचीच धरतात. एकदा जाणकाराला विचारून घ्या. लोगोच्या डोक्यावर गोलातला आर (®) शोभेसाठी टाकला असेल तर काढून टाका, ट्रेडमार्क नोंदणी झाल्याशिवाय तो लावता येत नाही. कॅनव्हा या डिझाइनच्या अ‍ॅपमधल्या तयार चित्रांवरून लोगो केलेला असेल तर नोंदणीचा विचारच सोडा, तेच चित्र उद्या दुसराही घेऊ शकतो.

पाकिटासाठी नवीन डिझायनर बघताय, भाच्याचा मित्र १,५०० मध्ये करतोय आणि दुसरी १२,००० मागतेय, तर माझं (फक्त माझं) मत असं, की भाव नंतर, आधी त्यांनी केलेलं छापील पाकीट हातात घ्या. इन्स्टाग्रामवर सगळंच सुंदर दिसतं. स्क्रीनवरचा भडक लाल खाकी कागदावर विटकरी होतो, हे ज्याने एकदा भोगलंय तोच सांगेल. मराठी अक्षरंही बघा. "लाडू"चा ल पाकळीचा हवा, पुष्कळ जण हिंदी वळणाचा ल ठेवून देतात. कोकणातल्या घरगुती लाडवांवर तो मला तरी परका वाटतो. कोणाला हे फाजील वाटेल, वाटू दे. फॉन्ट विकत घ्यायचा नसेल तर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मोफत आहेत, धंद्यासाठी चालतात. ल मात्र त्यातही मराठी वळणाचा निवडायला सांगा.

बदल किती वेळा, ते आधी ठरवा, आणि घरातून एकानेच बोलायचं.

आणि प्रूफ मोबाइलवर पास करू नका. खऱ्या मापात कागदावर काढा आणि ज्याने आधी ते कधीच पाहिलं नाही अशा माणसाकडून आकडा-आकडा मोठ्याने वाचून घ्या, तुम्ही परवाना समोर धरून बसा. आमच्याकडे हे काम आता शेजारची सातवीतली मुलगी करते. मागच्या खेपेला तिने चुकलेला पिनकोड पकडला.