महागाईशी जोडलेल्या सरकारी बचत रोख्यांवर व्याज नक्की कसं लागतं?

आईच्या नावे २ लाख ठेवायचेत आणि '८.०५ टक्क्यांचा सरकारी रोखा म्हणजे तोच' असं तुम्हाला फोंड्यात कुणीतरी सांगितलंय, म्हणून लिहितो. ८.०५ चा तो महागाईचा रोखा नव्हे. तो फ्लोटिंग रेट, म्हणजे बदलत्या दराचा, बचत रोखा. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरात ०.३५ मिळवायचे, १ जानेवारीला आणि १ जुलैला दर पुन्हा ठरतो. प्रमाणपत्राचा दर ७.७ होता तेव्हा ८.०५ झाला. महागाईचा आकडा त्या हिशेबात कुठेच नाही.

खरा महागाईचा बचत रोखा रिझर्व्ह बँकेने २३ डिसेंबर २०१३ ला विक्रीला काढला, ३१ मार्च २०१४ ला विक्री बंद. मुदत १० वर्षं, किमान ५ हजार. व्याज १.५ टक्के पक्कं, वर ग्राहक किंमत निर्देशांकातली (किरकोळ बाजारातल्या भावांच्या सरकारी आकड्यातली) वाढ. आमचे भावोजी अजून म्हणतात, "दीड टक्का? त्यापेक्षा बँकेत नऊ मिळत होते." दीड हे व्याज नव्हेच हो, महागाई वजा जाऊन वर उरतं ते दीड!

हिशेब सहामाही. १० हजार धरा. पहिल्या सहा महिन्यांत निर्देशांक ४ टक्के चढला, त्यात अर्ध्या वर्षाचे ०.७५ मिळवा: ४.७५ टक्के, म्हणजे ४७५ रुपये. ते हातात येत नाहीत, मुद्दलात जातात. पुढच्या सहामाहीत निर्देशांक १ टक्का चढला तर १.७५ टक्के लागतात ते १०,४७५ वर, झाले १०,६५८. तिसऱ्या सहामाहीत निर्देशांक उतरला तर? उतार मोजत नाहीत, ०.७५ मिळतातच. भाजी स्वस्त झाली की निर्देशांक खाली येतो आणि पुन्हा चढतो, तो चढ मात्र पूर्ण मोजला जातो. माझ्या मते रोख्यातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच, आणि ती कुणी सांगत नाही.

निर्देशांक तीन महिने मागचा घेतात. डिसेंबरला सप्टेंबरचा. म्हणजे गणेश चवथीच्या बाजाराचा चटका रोख्याला नाताळाच्या सुमारास कळतो, तोही देशभराचा. माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताच्या) सामानाने किंवा मासेमारी बंदीतल्या नुस्त्याच्या (मासळीच्या) भावाने इथे गोव्यात म्हापशाच्या बाजारात डोळे पांढरे झाले, तरी त्याने देशाचा आकडा हलत नाही. आधारवर्ष २०१२ च्या अखिल भारतीय आकड्यात मांस-मासळीचं वजन ३.६ टक्के होतं, आपल्या घरचं किती ते तुम्हीच बघा.

करात मात्र मार बसतो. महागाईची भरपाईसुद्धा उत्पन्न धरतात. महागाई ६ टक्के, अधिक १.५, एकूण ७.५. तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ३१.२ टक्के गेले की उरतात ५.१६, म्हणजे महागाईपेक्षा कमी. वीसच्या टप्प्यातही ५.९४ च. ज्याला कर लागत नाही त्यालाच तो दीड टक्का खरा मिळतो. म्हणून असला रोखा आईच्या नावे, नोकरदाराच्या नावे नाही. पैसे आईचे स्वतःचे असतील तर हिशेब आणखी सरळ.

आता काय घ्यायचं? जुन्या मालिकेची मुदत मार्च २०२४ पर्यंत संपली, त्यामुळे तो मिळणार नाही. आईला घरखर्चाला दर सहा महिन्यांनी पैसे लागत असतील तर फ्लोटिंग चालेल, पण त्यातून ७ वर्षं बाहेर पडता येत नाही. साठ ते सत्तर वयाला ६ वर्षांनी सुटका, सत्तर ते ऐंशीला ५, ऐंशीच्या पुढे ४, आणि शेवटच्या सहामाहीचं निम्मं व्याज कापतात. तारणही ठेवता येत नाही. औषधपाण्याचे पैसे त्यात घालू नका.

भावोजींच्या बाजूने एवढं मान्य: पुढे महागाई उतरली, आणि २०१३ ची नऊ टक्क्यांची ठेव दहा वर्षांसाठी केली असती तर तीच पुढे गेली असती. त्यांनी ती एका वर्षाची केली होती.