‘व्हेंड्यू’ला मराठीत काय म्हणावं?

न्यू जर्सीत राहणारे एक वाचक आपल्या गावाचा जुना इतिहास मराठीत लिहीत आहेत. गावच्या ग्रंथालयात त्यांना दोनशे वर्षांपूर्वीच्या एका साप्ताहिकाची कात्रणं मिळाली. त्यातल्या एका जाहिरातीत घर, कोठार आणि शेतजमीन ‘पब्लिक व्हेंड्यू’ने विकायची असल्याचं छापलं आहे. शब्दकोश ‘व्हेंड्यू म्हणजे ऑक्शन’ असं सांगतो. पण ‘ऑक्शन’ हा शब्द त्या काळी इंग्रजीत होताच, मग हा दुसरा शब्द का? मराठीत ‘लिलाव’ लिहावं, ‘विक्रीमेळा’ लिहावं, की शब्द तसाच ठेवावा? त्याच पानावर एका दुकानदाराची जाहिरात आहे. तिच्यातल्या ‘वेस्ट इंडिया माल’, ‘कंट्री प्रोड्यूस’ आणि ‘बाफ्ता’ या शब्दांनीही त्यांना अडवलं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ‘पब्लिक व्हेंड्यू’ म्हणजे जाहीर लिलाव. विक्रीमेळा नव्हे. मेळ्यात भाव विकणारा सांगतो, व्हेंड्यूत तो घेणाऱ्यांच्या चढाओढीतून ठरतो.

आता शब्दाचं कूळ. फ्रेंचमध्ये ‘व्हांद्र’ म्हणजे विकणे, त्यावरून ‘व्हांदू’ म्हणजे विकलेली. हा शब्द डचांनी घेतला आणि लिलावासाठी ‘व्हेंडू’ म्हणून रुळवला. आजचं न्यूयॉर्क तेव्हा त्यांचं न्यू ॲम्स्टरडॅम होतं. 1664 मध्ये इंग्रजांनी ते घेतलं, गावाचं नाव बदललं, पण बाजारातले शब्द असे एका सहीने बदलत नाहीत. व्हेंड्यू टिकला आणि शेजारच्या वसाहतींतही भरपूर चालला. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन शेतकऱ्यांनी आपल्या बोलीत त्याचं ‘फेंदू’ केलं. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे बॉस्टनभोवतालच्या ईशान्य वसाहतींच्या, गावसभांच्या दप्तरांत कारकुनांनी तो कानाला ऐकू आला तसा ‘व्हँड्यू’ असाही लिहून ठेवला आहे. बेंजामिन फ्रँकलिनने 1758 च्या पंचांगाच्या प्रस्तावनेत काटकसरीचा जो प्रसिद्ध उपदेश घातला, तोही एका व्हेंड्यूच्या जागीच घडतो: लिलाव सुरू व्हायची वाट पाहत लोक जमलेत आणि एक म्हातारा त्यांना उधळपट्टी करू नका म्हणून सांगतोय. एवढ्या लोकप्रिय लिखाणात हा शब्द काही न समजावता येतो, म्हणजे तो सर्वांच्या तोंडचा होता. 1828 च्या नोआह वेब्स्टरच्या कोशातही तो आहे, आणि लिलाव पुकारणाऱ्या माणसाला ‘व्हेंड्यू-मास्टर’ म्हटलेलं आहे.

पुढे शहरांत ‘ऑक्शन’ने जागा घेतली. व्हेंड्यू खेड्यांत आणि कायद्याच्या मसुद्यांत राहिला. मिसूरी राज्यातल्या गहाण मालमत्तेच्या नोटिसांत ‘पब्लिक व्हेंड्यू’ आजही छापतात. तुमच्या न्यू जर्सीतल्या शेरीफच्या काही नोटिसांत तर त्याचं ‘पब्लिक व्हेन्यू’ झालेलं दिसेल. जुना शब्द अनोळखी झाला की लोक त्याच्या जागी ओळखीचा बसवतात, तसंच हे. अमेरिकेच्या दक्षिणेत, उदाहरणार्थ जॉर्जिया राज्यात, याच कामाला ‘पब्लिक आउटक्राय’ म्हणतात. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, न्यायालयाच्या दारासमोर, सर्वांत चढ्या रोख बोलीला.

इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण एकाच व्यवहाराकडे प्रत्येक भाषेने वेगळ्या बाजूने पाहिलं आहे. ‘ऑक्शन’चं लॅटिन मूळ वाढीचं, म्हणजे भाव चढत जाण्याचं. ‘व्हेंड्यू’ विकलं जाण्याकडे पाहतो. ‘आउटक्राय’ आरोळीकडे. आणि आपला लिलाव? तो पोर्तुगीज ‘लैलांव’वरून आला. जुन्या मराठीत तो ‘लिलांव’ असा अनुस्वारासह लिहीत, त्या अनुस्वारात पोर्तुगीज नाकातला उच्चार सांभाळलेला होता. पोर्तुगीजांनी तो अरबीतून घेतला आणि मुळात त्याचा अर्थ जाहीर करणं, कळवणं असा सांगतात. हिंदीत त्याच्या पहिल्या ‘ल’चा ‘न’ होऊन ‘नीलाम’ झालं. मराठीने ‘ल’ सोडला नाही. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती, तरी त्यांचा ‘व्हेंडू’ आपल्याकडे रुजला नाही. पोर्तुगीज आधी आले होते, आणि बाजाराचा शब्द त्यांचा राहिला.

मराठीत लिलावाला दुसरेही शब्द आहेत. विदर्भात आणि मराठवाड्यात ‘हर्रास’, ‘हर्राशी’ म्हणतात. तो अरबी ‘हराज’वरून आला, आणि गुजरातीतली ‘हराजी’ त्याचीच बहीण. गोव्यात देवळाच्या उत्सवातल्या वस्तूंची किंवा जत्रेतल्या जागांची ‘पावणी’ होते. हे शब्द मला फार प्रिय आहेत, पण अमेरिकेतल्या गावाच्या इतिहासात ते घालू नका. ‘पावणी’ म्हटलं की डोळ्यांसमोर देऊळ उभं राहतं आणि ‘हर्राशी’ म्हटलं की वाळूघाट. ‘लिलाव’ला असा कोणत्याही एका जागेचा वास नाही. मात्र ‘आउटक्राय’ आलं तर ‘जाहीर पुकारा’ हा चपखल शब्द आपल्याकडे तयार आहे. लासलगावच्या कांद्याचा लिलाव ज्याने उभं राहून ऐकलाय त्याला तो पटेल.

‘जाहीर’ हे विशेषण गाळू नका. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा, तिथे भाव दोघांनाच कळे. व्हेंड्यूचा सगळा कणा याच्या उलट आहे. कोणी किती बोली लावली ते गावासमोर होतं, म्हणून कर्जदाराच्या घराची किंमत लबाडीने पाडली असं नंतर म्हणायला जागा राहू नये. निदान हेतू तरी तो होता.

प्रत्यक्षात हा प्रकार घडायचा कुठे? बहुतेक वेळा गावातल्या खानावळवजा धर्मशाळेत. जाहिरातीत अमक्या ‘इनहोल्डर’च्या घरी, दुपारी दोन वाजता, असं येतं ते यासाठी. ‘इनहोल्डर’ला ‘हॉटेलमालक’ म्हटलं तर काळ बिघडतो. ‘खाणावळीचा मालक’ चालेल, पण तिथे मुक्कामाची सोय आणि दारूही असे, हे एकदा वाक्यात सांगून टाका. शेत विकायचं असेल तर लिलाव शेतावरच व्हायचा. नांगर, गुरं, भांडी, पिंपं, पलंग एकामागून एक पुढे येत. दारूचे पेले फिरत, कारण घसा ओला झाला की बोली चढते हे पुकारणाऱ्याला ठाऊक होतं. छोट्या खरेदीला रोख, मोठ्या रकमेला जामीन घेऊन काही महिन्यांची मुदत. या अटी पुष्कळदा जाहिरातीत नसत. तिच्या शेवटी ‘अटी विक्रीच्या वेळी सांगण्यात येतील’ एवढंच असे. लिलाव आहे हे कळावं म्हणून तांबडं निशाण लावायची रीत एकोणिसाव्या शतकातल्या गावांत दिसते. त्याचं भाषांतर ‘लाल बावटा’ करू नका, त्या शब्दांना मराठीत स्वतंत्र इतिहास आहे. ‘तांबडं फडकं’ बरं.

घरजमिनीच्या जाहिरातींत मात्र खरी मेहनत आहे. ‘बॉस्टन न्यूज-लेटर’ हे अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींतलं पहिलं टिकलेलं वृत्तपत्र 24 एप्रिल 1704 ला निघालं, आणि पहिल्याच अंकात त्याने जाहिराती मागितल्या: घरं, जमिनी, जहाजं, माल, पळालेले नोकर, हरवलेल्या वस्तू, दर बारा पेन्सपासून पाच शिलिंगांपर्यंत. पुढच्या महिन्यात लाँग आयलंडवरच्या ऑयस्टर बे गावची एक मालमत्ता तिथे भाड्याने किंवा विकत देण्यासाठी छापून आली. तिचा मजकूर मराठीत साधारण असा होईल: लोकरी कापड कुटून दाट करणारी चांगली पाणचक्की, शिवाय एक शेत, त्यावर विटांचं मोठं नवं घर, शेजारी स्वयंपाकासाठी आणि कामासाठी दुसरं घर, कोठार, तबेला, कोवळी फळबाग आणि साफ केलेली वीस एकर जमीन. मूळ इंग्रजीत ‘शेत’ या जागी ‘प्लँटेशन’ आहे. आज हा शब्द वाचला की कापूस, ऊस आणि शेकडो गुलाम डोळ्यांसमोर येतात, किंवा आपल्याला चहाचा मळा आठवतो. 1704 च्या न्यूयॉर्क प्रांतात तो साध्या शेतालाही लावत. तुमच्या कात्रणात तो आला तर ‘शेतवाडी’ लिहा.

तसाच ‘मेसवेज’. म्हणजे घर, त्याच्या लगतच्या लहान इमारती, परसू, आवार सगळं मिळून. ‘घर आणि आवार’ पुरे. ‘बार्न’ला गोठा म्हणू नये, त्यात गवत आणि धान्यही असे, म्हणून तुम्ही केलेलं ‘कोठार’ बरोबर. मोठी चूक होते ती ‘राइट इन इक्विटी ऑफ रिडेम्प्शन’ या शब्दांत. असा लिलाव घराचा नसतो. घर आधीच सावकाराकडे गहाण असतं आणि विकला जातो तो कर्जदाराचा गहाण सोडवून घेण्याचा हक्क. घेणाऱ्याला पुढे सावकाराचं कर्ज फेडावंच लागे. ‘गहाण सोडवण्याच्या हक्काचा लिलाव’ असं लांबलचक लिहिलं तरी चालेल, नाहीतर वाचकाला वाटेल घर कवडीमोलाने गेलं. आणि थकलेल्या कराच्या नोटिसा: न्यू इंग्लंडमध्ये गावाबाहेर राहणाऱ्या मालकांच्या जमिनींच्या अशा याद्याच्या याद्या छापत. त्यांत वाक्य असतं की करापुरती जेवढी जमीन लागेल तेवढीच व्हेंड्यूने विकली जाईल. ‘तेवढीच’ हा शब्द भाषांतरात निसटू देऊ नका, सगळा न्याय त्यात आहे.

दोन जाहिराती अशा आहेत ज्यांच्यापुढे शब्दांची निवड नुसती भाषेची राहत नाही. न्यू इंग्लंडच्या गावांत निराधार माणसांना सांभाळायचं काम व्हेंड्यूला काढत. गावाकडून सर्वांत कमी पैसे मागेल त्याच्या घरी म्हातारी, अपंग, अनाथ माणसं वर्षभरासाठी जात. इथे बोली चढत नाही, उतरते. म्हणून मराठीत नुसतं ‘लिलाव’ न म्हणता ‘उतरत्या बोलीचा लिलाव’ म्हणा, आणि विकलं जात होतं ते सांभाळण्याचं कंत्राट, हेही लिहा. दुसरी जाहिरात याहून वाईट. शेतवाडीच्या यादीत घोडे, गाड्या यांच्या ओळीत एखादा ‘निग्रो माणूस’ येतो. अमेरिकेच्या उत्तरेत गुलामगिरी नव्हती, असा पुष्कळांचा समज आहे. न्यूयॉर्कने हळूहळू मुक्तीचा कायदा 1799 मध्ये केला, न्यू जर्सीने 1804 मध्ये, आणि तेही आधीपासून गुलाम असलेल्यांना लगेच सोडणारे नव्हते. तुमच्या कात्रणांत अशी ओळ आली तर ती वगळू नका, सौम्य करू नका. जाहिरातीच्या मजकुरात मूळ शब्द ठेवा, आणि स्वतःच्या निवेदनात ‘गुलामगिरीत ठेवलेला माणूस’ म्हणा. त्याचं नाव छापलेलं असेल तर ते जरूर द्या.

आता दुकानदाराकडे. ‘वेस्ट इंडिया माल’ म्हणजे पश्चिम भारतातला माल नव्हे. कॅरिबियन बेटांवरून येणारी साखर, काकवी, रम, कॉफी हा तो माल, म्हणून ‘वेस्ट इंडीज बेटांचा माल’ असं स्पष्ट लिहा. ‘कंट्री प्रोड्यूस’ला ‘शेतमाल’. गावात रोकड कमी, म्हणून दुकानदार लोणी, धान्य, जवस, डुकराचं मांस, इतकंच काय चुलीतली राखसुद्धा घेई, कारण तिच्यापासून पोटॅश नावाचा क्षार करून विकता येई. वृत्तपत्र छापणारेही वर्गणीपोटी जळाऊ लाकूड घेत. याला ‘बलुतं’ म्हणण्याचा मोह होईल, तो टाळा. बलुतं हा गावाने मान्य केलेला वर्षाचा हक्क होता. इथे दुकानदाराच्या वहीत प्रत्येक पिंपाचा आणि प्रत्येक वाराचा हिशेब आहे. ‘रोखीने किंवा शेतमाल घेऊन’ हे सरळ आणि बरोबर.

राहिला बाफ्ता. त्याच्याभोवती बहुधा ‘कॅलिको’, ‘चिंट्झ’, ‘बंडाना’ ही कापडांची नावंही असतील. हे खरोखर आपल्याकडून गेलेले शब्द आहेत. कॅलिको कोळिकोडवरून. चिंट्झ म्हणजे आपलं चीट, आजीच्या परकराचं. बंडाना ‘बांधणी’च्या घराण्यातला. बाफ्ता फारसीत ‘विणलेलं’, आणि त्या नावाचं सुती कापड भारतातून जाई. अमेरिकेच्या स्वातंत्र्यापूर्वी हा माल तिथे लंडनमार्गे येत असे. 1784 च्या डिसेंबरमध्ये फिलाडेल्फियाचं ‘युनायटेड स्टेट्स’ हे जहाज पाँडिचेरीला पोचलं, आणि त्यानंतर सेलम, बॉस्टन, फिलाडेल्फियाची जहाजं थेट कलकत्ता, मद्रास, मुंबईला येऊ लागली. म्हणून खेड्यातल्या दुकानाच्या चार ओळींत ही नावं दिसतात. 1816 च्या जकात कायद्याने प्रत्येक स्वस्त सुती कापडाची किंमत चौरस वाराला किमान पंचवीस सेंट धरून कर लावला, आणि भारतातलं जाडंभरडं कापड तिथे परवडेनासं झालं. तुमचं कात्रण त्याच्या आधीचं आहे की नंतरचं, हे ठरवायला ही नावं थोडी मदत करतील.

‘बाफ्ता’चं भाषांतर करू नका. चिंट्झच्या जागी मात्र ‘चीट’ लिहा.